पक्षाचा रकाना

जावईबापूंना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले तेव्हा मी आणि आमची मंडळी न्यू जर्सीत, एडिसन गावी, लेकीकडे मुक्कामाला होतो. एप्रिल २०२४ ची गोष्ट. शपथविधीहून ते परतले तेव्हा त्यांच्या एका हातात चिमुकला झेंडा होता आणि दुसऱ्या हातात मतदार म्हणून नाव नोंदविण्याचा अर्ज. लेकीने श्रीखंडाचा बेत केला होता. जेवणे आटोपल्यावर त्याच टेबलावर अर्ज भरण्याचा कार्यक्रम सुरू झाला. नाव, पत्ता, जन्मतारीख इथपर्यंत गाडी सुरळीत आली आणि एका रकान्यापाशी अडली.

“बाबा, इथे पक्ष विचारलाय,” जावईबापू म्हणाले.

मी चष्मा लावून पाहिले. खरेच विचारला होता. ‘ऐच्छिक’ असे शेजारी लिहिले होते हे खरे. पण सरकारी छापील कागदावर, जन्मतारखेच्या खालोखाल, तुमचा राजकीय पक्ष कोणता असा सरळ सवाल होता. मी पुण्यात एकतीस वर्षे नागरिकशास्त्र शिकविले. ‘अमेरिकेत द्विपक्ष पद्धती आहे’ हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिले आणि किती उत्तरपत्रिकांत त्याला एक गुण दिला याचा हिशेब नाही. मतदान गुप्त असते, हेही मीच शिकविले. आणि इथे सरकार खुशाल विचारीत होते, की बाबा रे, तू कोणाचा?

“लग्न जमवताना पोटजात विचारतात, तसलंच दिसतंय हे,” आमच्या मंडळींनी शेरा मारला.

जावईबापू नोकरदार माणूस. उद्या कचेरीत कोणी पाहिले तर काय, या विचाराने त्यांनी तो रकाना कोरा ठेवला आणि मीही मान डोलावली.

शेजारच्या घरी एक म्हातारबुवा होते. वय शहाऐंशी, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. वंशाने आयरिश, जन्माने जर्सी सिटीचे. माझे मास्तरी इंग्रजी त्यांना समजे आणि त्यांचे इंग्रजी मला निम्मे समजे. तेवढ्यावर आमची रोज संध्याकाळी कुंपणापाशी बैठक जमे. रकान्याची हकिकत ऐकून ते हसले.

“कोरा ठेवला? मग जूनमध्ये काय करणार?”

“निवडणूक तर नोव्हेंबरात आहे ना?” मी म्हणालो.

“नोव्हेंबरात दोघांतला एक निवडायचा. ते दोघे कोण, हे जूनमध्ये ठरतं.”

इतके साधे वाक्य माझ्या पाठ्यपुस्तकात नव्हते. आपल्याकडे उमेदवारी म्हणजे पक्षाचे तिकीट, आणि ते वरून येते. कोणाला मिळाले, कोणाचे कापले, कोण रुसून बसला, हे आपण वर्तमानपत्रात वाचतो. तिथे ते तिकीट जनतेने द्यावयाचे आणि त्यासाठी सरकारने आपल्या खर्चाने एक आख्खी निवडणूक घ्यावयाची, असा रिवाज आहे. तिला ‘प्रायमरी’ म्हणतात. तो रकाना म्हणजे त्या निवडणुकीच्या मांडवात शिरण्याचे दार. सभासदत्वाची पावती नाही, वर्गणी नाही, निष्ठेची शपथ नाही. रकाना भरला की झालात तुम्ही पक्षाचे, आणि मग पक्षाच्या अध्यक्षालाही तुम्हाला बाहेर काढता येत नाही.

हे सारे असे कसे झाले, या कुतूहलाने मी एडिसनच्या वाचनालयात जाऊन बसू लागलो. रिकामपण होतेच. जे वाचले त्यातले थोडे इथे सांगतो.

घटनेत नसलेला पाहुणा

पहिली गंमत ही, की ज्या पक्षांवाचून अमेरिकेचे पानही हालत नाही, त्यांचे नाव १७८७ च्या राज्यघटनेत कुठेच नाही. घटना लिहिणाऱ्या धुरीणांना पक्ष म्हणजे देशाला लागणारी कीड वाटे. १७९६ साली निवृत्त होताना वॉशिंग्टनने देशबांधवांना जो निरोप दिला, त्यात पक्षीय वृत्तीपासून सावध राहा, असे बजावून सांगितले आहे. पण ती कीड तोवर त्याच्याच मंत्रिमंडळात लागून चुकली होती. अर्थमंत्री हॅमिल्टनला राष्ट्रीय बँक हवी, मजबूत केंद्र हवे. परराष्ट्रमंत्री जेफर्सनला यात श्रीमंतांचे राज्य दिसे. जेफर्सनने काय करावे? फिलिप फ्रेनो नावाच्या कवीला त्याने आपल्या खात्यात वर्षाला २५० डॉलरांवर भाषांतरकार म्हणून चिकटवून घेतले, आणि या गृहस्थाने १७९१ साली वर्तमानपत्र काढून हॅमिल्टनवर तोफा डागण्यास आरंभ केला. म्हणजे सरकारी पगारावर सरकारविरोधी संपादक! आपल्याकडच्या मुत्सद्द्यांनाही ही युक्ती सुचली नसती.

हॅमिल्टनची मंडळी फेडरलिस्ट म्हणवू लागली, जेफर्सनची रिपब्लिकन. (हे रिपब्लिकन आजचे नव्हेत, त्यांच्याच वंशातून पुढे डेमोक्रॅट निघाले. अमेरिकेच्या इतिहासात नावांवर विसंबणाऱ्याची फसगत ठरलेली.) दोन्ही बाजूंना आपण पक्ष आहोत हे कबूल नव्हते. आपण म्हणजे देश आणि समोरचे म्हणजे देशद्रोही, अशी दोघांची प्रामाणिक समजूत होती. १७९८ साली सत्ताधारी फेडरलिस्टांनी कायदाच केला, की सरकारची बदनामी करील तो तुरुंगात जाईल. त्या कायद्याखाली व्हरमाँट राज्याचा मॅथ्यू लायन हा काँग्रेसचा सभासद चार महिने कोठडीत पडला. (काँग्रेस म्हणजे त्यांची संसद; आपल्याकडे हा शब्द ऐकला की वेगळेच काही डोळ्यांपुढे येते.) मतदारांनी त्याला कोठडीत असतानाच पुन्हा निवडून दिले.

मग आली १८०० ची निवडणूक. मूळ नियमाप्रमाणे प्रत्येक निर्वाचकाने दोन नावे द्यावयाची. जास्त मते पडतील तो अध्यक्ष, दुसरा उपाध्यक्ष. पक्ष गृहीतच धरलेले नसल्याने कोणाला यात धोका दिसला नव्हता. जेफर्सनच्या बाजूच्या निर्वाचकांनी शिस्तीने दोघांनाही मते दिली, आणि अध्यक्षपदाचा जेफर्सन व उपाध्यक्षपदाचा बर या दोघांना सारखीच, ७३-७३ मते पडली! निकाल प्रतिनिधिगृहाकडे गेला. तिथे प्रत्येक राज्याला एक मत. पस्तीस वेळा मतदान झाले, निर्णय होईना. छत्तिसाव्या खेपेला, १७ फेब्रुवारी १८०१ रोजी, कोंडी फुटली. व्हरमाँटचे सभासद दोनच आणि ते दोन पक्षांचे. त्यातला फेडरलिस्ट त्या खेपेला बाजूला झाला, आणि राज्याचे मत देण्याचा अधिकार उरला एकट्या मॅथ्यू लायनकडे. ज्याला सरकारने गजाआड घातले होते, त्याच्या मताचा वाटा सरकार बदलण्यात पडला. ४ मार्चला पहाटे, नव्या अध्यक्षाच्या शपथविधीला न थांबता, हरलेला अ‍ॅडम्स गाडीत बसून आपल्या गावी निघून गेला.

रुसून गेला, पण गेला. सैन्य बोलावले नाही की खुर्ची धरून बसला नाही. हरलेला पक्ष घरी जातो आणि पुढच्या खेपेची वाट पाहतो, ही गोष्ट कोणत्याही कलमात लिहिलेली नव्हती. ती त्या पहाटे घडली म्हणून रूढ झाली. १८०४ साली घटनेत बारावी दुरुस्ती करून दोन पदांसाठी वेगळी मते घेण्याची सोय झाली. पक्षाचे नाव दुरुस्तीतही नाही. पण पाहुणा घरात मुक्कामाला आला आहे हे ओळखून बिछाना घालण्याइतपत शहाणपण तेव्हा आले.

बंद खोली, मग मंडप

उमेदवार मात्र तेव्हा बंद खोलीत ठरे. काँग्रेसमधले एका पक्षाचे सभासद जमत आणि नाव मुक्रर करीत. याला ‘कॉकस’ म्हणत. १८२४ साली अशा बैठकीला जेमतेम ६६ जण आले आणि त्यांनी क्रॉफर्ड नावाच्या आजारी गृहस्थाचे नाव पुढे केले. लोकांनी ते झिडकारले. सर्वांत जास्त मते मिळाली जनरल अँड्र्यू जॅक्सनला, पण बहुमत नाही. पुन्हा प्रतिनिधिगृह, आणि तिथे अध्यक्ष झाला दुसराच, जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स. त्याला पाठिंबा देणारे हेन्री क्ले लगेच परराष्ट्रमंत्री झाले. जॅक्सनची माणसे चवताळून उठली, आणि त्या संतापाला आकार दिला न्यूयॉर्क राज्यातल्या एका खानावळवाल्याच्या मुलाने, मार्टिन व्हॅन ब्यूरेनने.

व्हॅन ब्यूरेन हा मला या साऱ्या मंडळींत फार जवळचा वाटला. आधीच्या पिढीतले मोठे लोक पक्ष काढीत आणि त्याची लाज बाळगीत. याने उघड सांगितले, की पक्ष ही चांगली गोष्ट आहे. सामान्य कुळातल्या माणसाला एकट्याच्या बळावर प्रतिष्ठितांशी टक्कर देता येणार नाही. त्याला संघटना पाहिजे. गावोगाव समित्या, वर्तमानपत्रे, मिरवणुका, मेजवान्या. १८२८ साली जॅक्सन निवडून आला तो या यंत्राच्या जोरावर. त्यातूनच डेमोक्रॅटिक पक्ष उभा राहिला. १८३२ साली त्यांनी बाल्टिमोरला राष्ट्रीय अधिवेशन भरविले. गावोगावचे प्रतिनिधी यावेत आणि त्यांनी उमेदवार ठरवावेत, ही कल्पना आदल्याच वर्षी एका छोट्या पक्षाने त्याच शहरात राबविली होती. खोलीच्या जागी मंडप आला.

या मंडपांनी काय काय दिवस दाखविले! गुलामगिरीच्या प्रश्नावर जुना व्हिग पक्ष फुटला आणि १८५४ साली आजचा रिपब्लिकन पक्ष जन्मला. १८६० साली डेमोक्रॅटांचे अधिवेशन चार्ल्सटनला भरले. उमेदवाराला दोन तृतीयांश मते हवीत असा त्यांचा नियम. दक्षिणेकडचे उठून गेले, सत्तावन्न वेळा मतदान होऊन नाव ठरेना, पक्षाचे दोन तुकडे झाले. तिकडे शिकागोत रिपब्लिकनांनी नामांकित पुढाऱ्यांना बाजूला सारून तिसऱ्या फेरीत अब्राहम लिंकनला उभे केले. लिंकनला देशभर चाळीस टक्केही मते नव्हती. दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत तर त्याच्या नावाच्या चिठ्ठ्याच वाटल्या गेल्या नाहीत. कारण त्या काळी मतपत्रिका सरकार छापीत नसे, पक्ष छापून वाटीत. तुमच्या गावात पक्ष नाही तर तुमच्या उमेदवाराची चिठ्ठीही नाही. पुढचे यादवी युद्ध आणि गुलामांची मुक्तता वाचकांना ठाऊकच आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना, त्यांनी हे काम केले ते लिंकनच्या कारकीर्दीत.

या दोन पक्षांची चित्रेही त्याच सुमाराची. टॉमस नॅस्ट या व्यंगचित्रकाराने १८७० च्या सुमारास डेमोक्रॅटांना गाढव केले आणि १८७४ साली रिपब्लिकनांना हत्ती. दोन्ही पक्षांनी ती चित्रे निमूट स्वीकारली. गाढव हे चिन्ह आपल्याकडे निवडणूक आयोगाने फुकट देऊ केले तरी कोणी घेईल असे वाटत नाही.

मंडपाची पुरती शोभा झाली ती १९२४ साली न्यूयॉर्कला. डेमोक्रॅटांचे दोन गट हटून बसले. एकशे तीन वेळा मतदान झाले, जूनमध्ये सुरू झालेले अधिवेशन जुलैत गेले. शेवटी दोघांनाही सोडून डेव्हिस नावाच्या तिसऱ्याच वकिलाला माळ घातली, आणि तो नोव्हेंबरात सपशेल पडला.

कोळशाची गोणी

मी म्हातारबुवांना विचारले, “तुम्ही डेमोक्रॅट कसे झालात?”

“झालो कसला! जन्मलोच तसा,” ते म्हणाले. त्यांचे वडील जर्सी सिटीत पक्षाचे वॉर्डातले कार्यकर्ते होते, फ्रँक हेगच्या राज्यात. हा हेग १९१७ पासून १९४७ पर्यंत, म्हणजे सलग तीस वर्षे, जर्सी सिटीचा महापौर होता. पगार बेताचा, संपत्ती बेसुमार. त्याच्या टेबलाचा एक खण म्हणे उलट्या बाजूने, म्हणजे भेटीला आलेल्या माणसाकडे उघडत असे. पाकीट त्यात टाकावयाचे आणि खण आत ढकलावयाचा. खरे-खोटे हेग जाणे. पण याच हेगने शहरात प्रचंड रुग्णालय उभारले आणि त्यातल्या प्रसूतिगृहाला आपल्या आईचे नाव दिले. म्हातारबुवांचा जन्म तिथलाच.

“हिवाळ्यात कोळसा संपला की बाबा गोणी पोचवायचे. कोणाच्या पोराला काम पाहिजे, कोणाचा भाऊ पोलिसांनी धरलाय, बाबा जायचे. मतदानाच्या दिवशी तीच माणसं यायची. आता पक्ष माझ्या दारात येत नाही. फोनवर संदेश येतो, पाच डॉलर पाठवा.”

हा व्यवहार चांगला की वाईट, यावर मी एकतीस वर्षे फळ्यापाशी उभा राहून चटकन निकाल दिला असता. कुंपणापाशी उभा राहून मला तो देता येईना.

अशा ‘बॉस’ लोकांचे जोखड काढून टाकावे म्हणूनच प्रायमरी आली. विसाव्या शतकाच्या आरंभी विस्कॉन्सिनात रॉबर्ट ला फॉलेटने तिचा धडाका लावला. न्यू जर्सीत वुड्रो विल्सन गव्हर्नर असताना, १९११ साली, तिचा पक्का कायदा झाला. पण अध्यक्षपदाच्या बाबतीत पुढारी बधले नाहीत. १९१२ साली थिओडोर रूझवेल्टने बहुतेक प्रायमऱ्या जिंकल्या, प्रतिस्पर्धी टॅफ्टच्या स्वतःच्या ओहायो राज्यातसुद्धा. तरी शिकागोच्या अधिवेशनात तिकीट दिले टॅफ्टलाच. रूझवेल्टने वेगळा पक्ष काढला, दोघेही पडले आणि विल्सन अध्यक्ष झाला.

आणि आता दाराची दुसरी बाजू. दक्षिणेकडच्या राज्यांत यादवीनंतर डेमोक्रॅटांचे एकछत्री राज्य. तिथे नोव्हेंबरची निवडणूक नावाला. प्रायमरी जिंकला तो निवडून आलाच. टेक्सासने १९२३ साली कायदा केला, की डेमोक्रॅटिक प्रायमरीत काळ्या माणसाने मत देऊ नये. एल पासोचे डॉक्टर लॉरेन्स निक्सन मत द्यावयास गेले, परत पाठविले गेले, आणि कोर्टात गेले. १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा रद्द केला. मग विधिमंडळाने तो अधिकार पक्षाच्या कार्यकारिणीला दिला. निक्सन पुन्हा कोर्टात. १९३२ साली तेही रद्द. तेव्हा पक्षाच्या अधिवेशनानेच ठराव केला, आणि सरकार हात झटकून म्हणाले, आमचा काय संबंध? पक्ष ही खासगी मंडळी. कोणाला घ्यावे, कोणाला नाही, हा त्यांचा प्रश्न. आश्चर्य असे, की १९३५ साली न्यायालयाला हे पटले! नऊ वर्षांनी, १९४४ साली, ह्यूस्टनच्या लॉनी स्मिथ या दंतवैद्याच्या खटल्यात थरगुड मार्शल यांनी बाजू मांडली तेव्हा कुठे न्यायालयाने आपला निर्णय फिरविला आणि ‘गोऱ्यांची प्रायमरी’ बंद झाली.

कागदावर बंद झाली. मिसिसिपीत १९६४ सालीही काळ्यांना नाव नोंदविणे म्हणजे मार खाणे होते. म्हणून त्यांनी आपले वेगळे प्रतिनिधिमंडळ निवडले आणि ते थेट डेमोक्रॅटांच्या अधिवेशनाला आले. हे अधिवेशन न्यू जर्सीतल्याच अटलांटिक सिटीत होते. फॅनी लू हेमर ही कापूस वेचणारी बाई समितीपुढे बसली आणि नाव नोंदविण्याच्या खटपटीपायी आपल्याला तुरुंगात कशी मारहाण झाली हे तिने सांगितले. दूरचित्रवाणीवरून ते देशभर चालले होते. अध्यक्ष जॉन्सन यांनी कॅमेरे वळविण्यासाठी तातडीने स्वतःची पत्रकार परिषद बोलाविली. पण संध्याकाळच्या बातम्यांत बाईंचे बोलणे दाखविले गेलेच. पक्षाने तडजोड म्हणून दोन जागा देऊ केल्या. त्यांनी नाकारल्या. चार वर्षांनी फॅनी लू हेमर अधिकृत प्रतिनिधी म्हणून अधिवेशनात बसल्या.

म्हातारबुवा तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. “आम्ही टीव्हीवर पाहिलं,” ते म्हणाले. “बाबा म्हणाले, दोन जागा दिल्या ना, अजून काय पाहिजे? त्या रात्री मी बाबांशी पहिल्यांदा भांडलो.”

याच वर्षांत दोन्ही घरांतली माणसे अदलाबदल झाली. नागरी हक्कांचे कायदे जॉन्सन यांनी केले, म्हणून गोरी दक्षिण हळूहळू रिपब्लिकन झाली. काळे मतदार लिंकनच्या पक्षातून निघू लागले होते ते बहुतेक सारे डेमोक्रॅट झाले. पाट्या मात्र त्याच राहिल्या.

दार सताड उघडे

१९६८ साली डेमोक्रॅटांनी शिकागोत ह्यूबर्ट हम्फ्री यांना तिकीट दिले. त्यांनी एकही प्रायमरी लढविली नव्हती. बाहेर व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या तरुणांवर पोलिसांच्या लाठ्या चालल्या होत्या. हम्फ्री पडले, आणि पक्षाने नियम बदलले. १९७२ पासून बहुतेक प्रतिनिधी प्रायमरीतून येऊ लागले. रिपब्लिकनही त्याच वाटेने गेले. तेव्हापासून मंडपात फक्त फुगे सोडतात. नवरदेव आधीच ठरलेला असतो.

या उघड्या दाराचा लाभ आपल्या एका माणसालाही झाला. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार, ज्यांचे ‘ही श्रीची इच्छा’ हे आत्मचरित्र मराठी वाचकांना परिचित आहे, ते २०१८ साली मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत स्वतःचे लक्षावधी डॉलर ओतून उतरले आणि तिसरे आले. २०२२ साली डेट्रॉइटच्या मतदारसंघात काँग्रेससाठी उभे राहिले. स्थानिक धुरीणांचा कौल दुसऱ्याला होता. उमेदवारांची गर्दी झाली, मते विखुरली आणि शंभरात तीसदेखील मते न मिळता ठाणेदार जिंकले. हेगच्या काळात असा माणूस उलट्या खणापर्यंतही पोचला नसता. याचा अभिमान वाटावा, की एवढ्या थोड्या मतांवर तिकीट मिळते याची काळजी, मला सांगता येत नाही. दोन्ही वाटले.

२०१६ साली हे दार किती सताड उघडे आहे ते साऱ्या जगाने पाहिले. डोनाल्ड ट्रम्प यांनी पक्षाचा रकाना आयुष्यात अनेकदा बदललेला. मध्यंतरी काही वर्षे त्यात ‘डेमोक्रॅटिक’ होते. रिपब्लिकन पक्षातले बहुतेक वडीलधारे त्यांच्या विरोधात होते. कोणाचे काही चालले नाही. दुसऱ्या अंगणात बर्नी सँडर्स हे अपक्ष सिनेटर डेमोक्रॅटांच्या प्रायमरीत उतरले आणि त्यांनी हिलरी क्लिंटन यांना शेवटपर्यंत झुंजविले. घराच्या मालकांना घरात कोण यावे हे ठरविता येईना.

२०२० साली ट्रम्प हरले, त्यांनी हार मानली नाही, आणि ६ जानेवारी २०२१ रोजी त्यांच्या समर्थकांचा जमाव संसद भवनात घुसला. मतमोजणी त्याच रात्री पुन्हा सुरू होऊन पहाटे संपली. महाभियोगाच्या ठरावाला प्रतिनिधिगृहातल्या दहा रिपब्लिकनांनी पाठिंबा दिला. पुढे त्या दहांचे काय झाले पाहा. चौघांनी २०२२ ची निवडणूक लढविलीच नाही. चौघे आपल्याच पक्षाच्या प्रायमरीत पडले. नोव्हेंबरपर्यंत टिकून निवडून आले ते दोघे. १८०१ च्या पहाटे पडलेला रिवाज सांभाळण्याचे काम पक्षाकडे आले होते, आणि पक्षातल्या माणसाला नोव्हेंबरापेक्षा प्रायमरीचे भय जास्त होते. बॉसचे भय गेले ते इथे येऊन बसले.

आता पुन्हा एडिसनला येतो. ४ जून २०२४ ला प्रायमरी होती. म्हातारबुवांनी मला आदल्या दिवशी दोन नमुना मतपत्रिका दाखविल्या, एक जुनी आणि एक नवी. जुनीत एका ठळक रांगेत वरपासून खालपर्यंत जिल्हा समितीच्या पसंतीची नावे आणि बाकीचे बिचारे कुठेतरी दूर कोपऱ्यात. न्यू जर्सीत याला ‘लाइन’ म्हणत. खण गेला, गोणी गेली, पण ही रांग हेगच्या वारसांनी जपून ठेवली होती. त्या वर्षी काँग्रेसचे सभासद अँडी किम यांनी सिनेटच्या उमेदवारीसाठी उभे राहताना तिच्यावर दावा लावला. त्यांच्यासमोर गव्हर्नरांच्या पत्नी होत्या आणि बहुतेक मोठ्या जिल्ह्यांतली रांग बाईंकडे होती. मार्चअखेर न्यायाधीशांनी डेमोक्रॅटांच्या त्या प्रायमरीपुरती ती रांग मोडली. बाईंनी तत्पूर्वीच माघार घेतली होती. नव्या मतपत्रिकेत एका पदाची सारी नावे एकत्र होती.

जावईबापूंसोबत मी शाळेच्या व्यायामगृहापर्यंत गेलो. मला दाराशी खुर्ची दिली. रकाना कोरा असलेल्याला आयत्या वेळी पक्ष सांगून मत देता येते, तेव्हा टेबलापाशी बसलेल्या बाईंनी खणखणीत आवाजात विचारले, “कोणता पक्ष?” जावईबापूंनी मागे वळून माझ्याकडे पाहिले आणि इतक्या हळू सांगितले, की त्यांना दुसऱ्यांदा सांगावे लागले. आयुष्यातले अमेरिकेतले पहिले मत त्यांनी जो बायडेन यांना दिले.

सत्तेचाळीस दिवसांनी, २१ जुलैला, बायडेन यांनी माघार घेतली. ऑगस्टच्या आरंभी प्रतिनिधींनी घरबसल्या, संगणकावर मते देऊन कमला हॅरिस यांना उमेदवार केले.

“मग आम्ही रांगेत उभं राहून काय केलं?” जावईबापूंचा त्रागा खरा होता. ट्रम्पविरोधी होते, हॅरिस बाईंबद्दल तक्रार नव्हती. तरी पहिले मत असे वाहून गेले याचे त्यांना लागले होते.

म्हातारबुवांनी मात्र खांदे उडविले. “पक्षानं एकदा तरी पक्षासारखं वागून दाखवलं,” ते म्हणाले. “माझ्या बाबांना आवडलं असतं.” मग जरा थांबून म्हणाले, “मला आवडलं का, ते विचारू नका.”

नोव्हेंबरात हॅरिस हरल्या, ट्रम्प जिंकले. आम्ही तोवर पुण्यास परतलो होतो. मार्च २०२५ मध्ये न्यू जर्सीने कायदा करून ती जुनी रांग दोन्ही पक्षांसाठी कायमची काढून टाकली, आणि जूनमध्ये गव्हर्नरपदाची प्रायमरी आली. डेमोक्रॅटांकडून सहा जण उभे होते. त्या रात्री लेकीचा फोन आला. जावईबापूंनी या खेपेस पक्ष पहिल्याच दमात सांगितला म्हणे. म्हातारबुवांना तेच गाडीतून घेऊन गेले होते.

“त्यांना फार वेळ लागला, बाबा,” लेक सांगत होती. “आम्हाला वाटलं, आत काही झालं की काय. बाहेर आल्यावर म्हणाले, साठ वर्षांत पहिल्यांदाच सगळी नावं वाचावी लागली.”